एकच कळ, तीन अक्षरे

मंडळी, आज जरा चिडून लिहितो आहे. घरच्यांना माझा स्वभाव ठाऊक आहे, त्यांनी चहा घेऊन बसावे. इतरांनी सांभाळून घ्यावे.

तुमच्या कीबोर्डवरची एकच कळ घ्या, इंग्रजी 'डी'ची. जुन्या टाइपरायटरच्या, म्हणजे रेमिंग्टनच्या मांडणीत ती दाबली की 'क' उमटतो. इनस्क्रिप्ट मांडणीत तीच कळ अक्षराचा पाय मोडते. आणि उच्चारावरून लिहायच्या, ज्याला सगळे फोनेटिक म्हणतात, त्या मांडणीत 'द' येतो. 'एच' घ्या: रेमिंग्टनमध्ये दुसरी वेलांटी, इनस्क्रिप्टमध्ये 'प', फोनेटिकमध्ये 'ह'. 'एल' घ्या: 'स', 'त' आणि 'ल'. 'जे'च्या बाबतीत मात्र रेमिंग्टन आणि इनस्क्रिप्ट या दोघांचेही 'र' वर एकमत आहे. छत्तीसपैकी एखादा गुण जुळावा तसे!

यावर शहाणे लोक म्हणतात, "असू द्या ना गुरुजी, ज्याला जी जमते ती त्याने वापरावी." मला हे मान्य आहे. तीन मांडण्या आहेत म्हणून माझे भांडण नाही. स्वयंपाकघरात तीन सुऱ्या असतात. माझे भांडण वेगळे आहे. मांडणीचे नाव एक आणि आत माल दुसरा, हे मला चालत नाही. 'रेमिंग्टन' म्हणून तुम्ही जे एका संगणकावर शिकता ते दुसऱ्यावर तंतोतंत तेच असेल याची हमी कोणी देत नाही. मायक्रोसॉफ्टच्या हिंदी लेखनसाधनात तर 'रेमिंग्टन गेल' आणि 'रेमिंग्टन सीबीआय' अशी दोन रेमिंग्टने शेजारी शेजारी नांदत होती. नावे अशी, की वाटावे गॅस पुरवणारे आणि चौकशी करणारे फावल्या वेळात कीबोर्ड बनवतात. दोघांत बरेच सारखे, आणि जिथे फरक तिथे नेमकी बोटे अडखळतात.

हे असे का झाले, ते थोडक्यात सांगतो. अमेरिकेत शोल्स नावाच्या गृहस्थाने टंकयंत्र बनवले आणि रेमिंग्टन कंपनीने ते १८७४ मध्ये बाजारात आणले. आपल्याकडे गोदरेजने १९५५ मध्ये पहिले भारतीय बनावटीचे टाइपरायटर काढले. यंत्रात कळा मोजक्या आणि देवनागरी मात्र ऐसपैस. मग युक्ती अशी केली, की अर्धा 'ख' एका कळीवर ठेवायचा आणि पुढे काना ठोकला की 'ख' पुरा. पहिली वेलांटी अक्षराच्या आधी ठोकायची, कारण कागद उजवीकडून डावीकडे सरकतो आणि ती दिसते डावीकडे. लोखंडाच्या यंत्राला ते शोभत होते. त्या काळच्या कारागिरांना माझा नमस्कारच आहे.

पण संगणक आल्यावर काय केले? ती लोखंडाची अडचण जशीच्या तशी उचलून नव्या यंत्रात बसवली. कृतिदेव फाँटात 'कमल' लिहिले तर संगणकाच्या पोटात 'डी, ई, वाय' अशी तीन इंग्रजी अक्षरे जातात, आणि फाँट त्यांना क-म-लचे मुखवटे चढवतो. मुखवटा काढला की संपले. आमच्या शाळेच्या स्मरणिकेचा मजकूर छापखान्याने सीडीवर दिला होता. तो कुठल्या फाँटात होता हे कोणी लिहून ठेवले नव्हते. आज ती फाइल उघडली की इंग्रजी अक्षरांची भेळ दिसते. त्यात तीन दिवंगत शिक्षकांच्या आठवणी आहेत. छापील प्रत माझ्याकडे आहे म्हणून बरे, नाही तर त्या गेल्याच होत्या.

इनस्क्रिप्टचे तसे नाही. १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती मांडणी प्रमाण म्हणून ठरवली आणि १९९१ च्या भारतीय मानकात तिला जागा मिळाली. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. 'के'वर क, तीच कळ शिफ्टसह दाबली की ख. 'आय'वर ग, शिफ्टसह घ. 'ओ'वर द, शिफ्टसह ध. अल्पप्राण खाली, महाप्राण वर! ज्याने चाळीस वर्षे पोरांकडून क-ख-ग-घ घोकून घेतले त्याला ही मांडणी पहिल्यांदा पाहून काय वाटले असेल ते सांगायला नको. वेलांटी बोलतो त्या क्रमाने, अक्षरानंतर. शिवाय तेलुगू, बंगाली, गुजराती, सगळ्यांना एकच घडी. मी स्वतः साठी उलटल्यावर ती शिकलो, हा लेखही तिच्यावरच लिहितो आहे.

म्हणून मला इनस्क्रिप्टचा राग नाही, उलट तिच्या नावाने जो ढिसाळपणा चालतो त्याचा राग आहे.

आता खरी गोम ऐका. 'दरी'चे अनेकवचन 'दऱ्या' आणि समुद्र म्हणजे 'दर्या'. आचार्याला नमस्कार करतात आणि आचाऱ्याला स्वयंपाकाचे विचारतात. पापणीसारखा दिसणारा तो आडवा अर्धा 'र' हा मराठीचा दागिना आहे. हिंदीला त्याची गरज नाही. आणि तो काही क्वचित येणारा पाहुणा नाही. शेतकरी म्हटला की शेतकऱ्याला, नोकरी म्हटली की नोकऱ्या, कचेरी म्हटली की कचेऱ्या. ज्या जिल्ह्यात धानाशिवाय बोलणे पुरे होत नाही तिथे 'शेतकऱ्यांना' हा शब्द दिवसातून किती वेळा टाइप होत असेल!

हा आडवा 'र' युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो, आणि दोन्ही प्रकार नियमात बसतात. एका प्रकारात मुळातच वेगळा असलेला, खाली टिंब असलेला 'ऱ' घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. इनस्क्रिप्टमध्ये तो शिफ्टसह 'जे'वर आहे. दुसऱ्या प्रकारात साधा 'र' घ्यायचा, पाय मोडायचा आणि मागोमाग डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह टाकायचे. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. कोणत्या कीबोर्डाने कोणता प्रकार निवडावा, हे ज्याने त्याने आपल्या मर्जीने ठरवले.

परिणाम सांगतो. आमच्या ओळखीचे एक शेतकरी आहेत, आडनावात 'ऱ्ह' आहे. त्यांचे नाव एका ऑनलाइन यादीत शोधायचे होते. शोधले, नाही. पुन्हा शोधले, नाही. ते बिचारे म्हणाले, "मास्तर, आपलं नावच काटलं का काय जी?" शेवटी मी पूर्ण गावाची यादी उघडून एकेक ओळ बोटाने खाली सरकवत गेलो. नाव तिथेच होते, अगदी शुद्ध. फक्त भरणाऱ्याच्या कीबोर्डाने एक प्रकार लिहिला होता आणि माझ्या कीबोर्डाने दुसरा. कार्यालयाचे नाव सांगत नाही, कारण दोष त्या खुर्चीवरच्या पोराचा नव्हे. त्याला जे यंत्र दिले त्यावर त्याने बरोबरच टाइप केले होते. पण ज्या माणसाला कोणी मास्तर भेटला नाही, तो काय समजून घरी गेला असेल?

दुसरे उदाहरण 'ॲ'चे. बँक, ॲडव्होकेट, ॲप यांतला तो चंद्र. हिंदीवाले हा स्वर 'ए'वर चंद्र देऊन लिहितात, आपण 'अ'वर देतो. युनिकोडच्या पहिल्या आवृत्त्यांमध्ये हिंदीचे अक्षर होते, आपले नव्हते! आपला 'ॲ' युनिकोडमध्ये आला तो २००८ साली, ५.१ या आवृत्तीत. तोवर मराठी माणसाने 'अ' टाइप करून त्यावर वेगळा चंद्र चढवून दिवस काढले. आता अक्षर मिळाले, पण जुनी सवय आणि जुने कीबोर्ड दोन्ही शिल्लक. म्हणजे एकाच स्वराची तीन रूपे: एक सलग अक्षर, एक जोडकाम, आणि एक उसना हिंदी 'ऍ', जो हिंदीसाठी केलेल्या इनस्क्रिप्टमध्ये एकच्या आकड्यावर शिफ्ट दाबले की येतो आणि म्हणून मराठी फलकांवर 'ऍप' झळकते. पहिली दोन रूपे डोळ्यांना सारखी दिसतात, पण युनिकोडच्या नियमाप्रमाणेही ती एक मानली जात नाहीत. राज्य शासनाने २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात या स्वराला मानाने बसवले. छान केले. पण वर्णमालेत बसवलेले अक्षर कीबोर्डावर कुठे बसले आहे ते पाहायचे कोणी?

मी माजी विद्यार्थ्यांची यादी केली होती. साध्या पद्धतीने अकारविल्हे लावायला सांगितली. 'ॲ' उशिरा दाखल झाल्याने युनिकोडच्या रांगेत तो 'ह'च्याच काय, आकड्यांच्याही मागे उभा आहे. त्यामुळे सगळे 'ॲड.' यादीच्या तळाशी गेले, आणि ज्यांच्या नावात चंद्र वेगळा चढवला होता ते वर 'अ'मध्ये राहिले. वकिलांमध्ये अशी फूट मी पूर्वी पाहिली नव्हती. गंमत वाटते ना? हीच गोष्ट सातबाऱ्यावर, शिधापत्रिकेवर, दाखल्यावर घडली तर गंमत उरत नाही. आमच्या भंडाऱ्याच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला 'ऑ' सुद्धा असाच दोन-तीन वाटांनी लिहिता येतो. अ आणि वर चंद्राचा काना, किंवा सलग 'ऑ', किंवा 'आ'वर चंद्र. दिसायला एकच.

आणि हे नुसत्या शोधाशोधीपुरते नाही. साकोलीकडच्या एका गावातली मुलगी, माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याची लेक. बापाकडे दोन एकर धान. तिने टायपिंगच्या वर्गात दीड वर्ष घासले, मराठी ३० शब्द आणि नंतर ४० शब्दांची परीक्षा पास झाली. रेमिंग्टनवर. मग एका कारकुनी पदाची लेखी परीक्षा चांगल्या गुणांनी काढली, आणि कौशल्य चाचणीला बोलावले. तिथे पडद्यासमोर बसली तर पुढे इनस्क्रिप्ट. जाहिरातीत 'मराठी टंकलेखन' एवढेच म्हटले होते. तिने पर्यवेक्षकांना विचारले. ते म्हणाले, मराठीच आहे की! दहा मिनिटांत तिच्या बोटांना 'क' सापडला नाही. 'क' म्हणून दाबले की मागच्या अक्षराचा पाय मोडत होता.

मी हे लिहिताना माझे हात थरथरतात, वयामुळे नव्हे. त्या मुलीला मराठी येत नव्हते का? टंकलेखन येत नव्हते का? जाहिरातीत आणखी एक शब्द छापला असता तर तिने तोही फलक शिकून घेतला असता. गवंड्याच्या हाती सुताराची रंधा देऊन भिंत वाकडी म्हणायचे, यातला प्रकार आहे हा.

माझा एक भाचा पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. त्याला हे फोनवर सांगितले तर तो हसला. म्हणाला, मामा, हा रोग आमच्याकडे पन्नास वर्षांपासून आहे. मग त्याने जे सांगितले ते मला फार उद्बोधक वाटले, म्हणून इथे देतो. पूर्वी मोठ्या संगणकाला जोडायची टर्मिनल नावाची वेगळी यंत्रे असत. कीबोर्ड आणि पडदा, बस. १९७८ साली आलेले व्हीटी-१०० त्यातले गाजलेले. प्रत्येक कंपनीच्या यंत्राची कळ वेगळा संकेत पाठवी. म्हणून कोणते यंत्र काय पाठवते याची एक पोथी ठेवावी लागली, आधी टर्मकॅप आणि मग टर्मइन्फो. ती यंत्रे आता भंगारात गेली, पण आजच्या संगणकातली ती काळी खिडकी अजूनही आपण तेच जुने यंत्र असल्याचे सोंग करते, आणि पोथीही चालूच आहे. गोंधळ असा, की मागचे अक्षर खोडायची साधी बॅकस्पेसची कळ! कोणी तिचा संकेत ८ धरतो, कोणी १२७. खिडकी एक पाठवते, पोथी दुसरे सांगते, आणि दूरच्या संगणकावर काम करताना खोडायला जावे तर खोडण्याऐवजी पडद्यावर नवीनच चिन्हे उमटतात.

मी विचारले, मग तुम्ही काय केले? तो म्हणाला, डेबियन म्हणून लिनक्सचा एक मोठा परिवार आहे, स्वयंसेवकांचा. त्यांनी आपल्या नियमपुस्तकात लिहूनच टाकले: बॅकस्पेसने डावीकडचे खोडले पाहिजे, डिलीटने उजवीकडचे, मग तुम्ही कुठल्याही खिडकीत बसलेले असा. कोणत्या कळीने कोणता संकेत पाठवायचा तेही लिहिले. जो प्रोग्रॅम तसे वागणार नाही तो चुकीचा, आणि तशी रीतसर तक्रार करता येते.

मंडळी, मला तिथे आपले दुखणे सापडले. चुका त्यांच्याकडेही आहेत, अजूनही निघतात. पण त्यांच्याकडे एक पोथी आहे, सर्वांना उघडून पाहता येणारी. बोट ठेवून म्हणता येते, हे इथे चुकले. आपल्याकडे 'मराठी कीबोर्ड' चुकला असे म्हणायचे तर कशाशी ताडून पाहायचे? विंडोजमध्ये एक 'मराठी', १९०३ आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, त्याच्या जोडीला 'मराठी फोनेटिक'. लिनक्समध्ये वाढीव इनस्क्रिप्ट निराळा आणि 'कागप' निराळा. मॅकवर देवनागरी आणि देवनागरी-क्वर्टी. प्रत्येकाची आपली चूल.

आता दोन आक्षेप येणार, ते मला माहीत आहेत. पहिला फोनेटिकवाल्यांचा. त्यांच्यात माझे अनेक मित्र आहेत. आपण सगळे बरहा आणि गमभनच्या खांद्यावर बसून मराठीत लिहायला लागलो, ते उपकार विसरणार नाही. पण 'जसे बोलता तसे लिहा' हे वाक्य ऐकायला जितके गोड तितके खरे नाही. कोणाचे बोलणे? 'ज्ञ'चा उच्चार आपण द्न्य करतो, हिंदीवाला ग्य करतो, मग ज्ञानेश्वर कोणत्या इंग्रजी अक्षरांनी लिहायचे? प्रत्येक साधनाचे उत्तर वेगळे. फोनवर तर रोमनमध्ये 'के-ए-एल' लिहिले की यंत्र अंदाज करते: काल, कल, का कळ? आमच्या झाडीपट्टीत माणूस 'पानी' म्हणतो. ते चूक नाही, ती झाडीबोली आहे. ते लिहायला गेले की यंत्र लगेच दुरुस्त करून 'पाणी' पुढे करते. मी झाडीबोलीतले शब्द टिपून ठेवतो, त्यात निम्मा वेळ यंत्राशी भांडण्यात जातो. आणि नातवंडांचे ऱ्हस्व-दीर्घ आता यंत्रच ठरवते. मुलाने कोणती वेलांटी योजली होती हे मास्तरला कळायला मार्गच उरत नाही. ('ऱ्हस्व' या शब्दातच तो आडवा र आहे बघा. किती तरी ठिकाणी तो 'र्हस्व' होऊन, डोक्यावर रफार घेऊन फिरतो.)

दुसरा आक्षेप: आता बोलून टाइप होते, कीबोर्ड हवाच कशाला? त्याला उत्तर सोपे आहे. तुम्ही बोललात तरी पोटात जाणारी अक्षरे कोणीतरी ठरवलेलीच असतात. बोलून लिहिलेला 'ॲ' कोणत्या रूपात साठला? तुम्हाला ते माहीत नाही, आणि शोधताना उपटणारच. शिवाय त्या मुलीला चाचणीत तोंडाने टाइप करू देणार आहात का?

मागणी काही फार मोठी नाही. भाषा विभागाने, माहिती तंत्रज्ञानवाल्यांनी किंवा दोघांनी मिळून एक तक्ता काढावा. प्रत्येक मांडणीला पक्के नाव आणि आवृत्तीचा क्रमांक, आणि प्रत्येक कळीने पोटात नेमके काय जाते ते त्यात असावे. टंकलेखनाच्या प्रत्येक जाहिरातीत ते नाव आणि क्रमांक छापणे सक्तीचे करावे. आणि सरकारी यादीत शोध घेताना 'ॲ'ची जुळी रूपे आणि आडव्या 'र'ची जुळी रूपे एकच धरावीत. भाचा म्हणतो हे काम दुपारभराचेही नाही. तो थोडा बढाईखोर आहे, दोन दिवस धरा.

तोवर मी माझ्यापुरता एक तक्ता करायला घेतला आहे. तुमची मदत हवी. आपापल्या संगणकावर आणि फोनवर हे शब्द टाइप करून मला पाठवा: दऱ्या, दर्या, आचाऱ्याला, ॲडव्होकेट, ऑर्डनन्स, मॉइल, ज्ञानेश्वर, शेतकऱ्यांना. सोबत कोणते यंत्र आणि मांडणीचे नाव काय दिसते ते लिहा. चित्र काढून पाठवू नका, मजकूरच पाठवा, कारण चित्रात सगळे सारखेच दिसते. अमेरिकेतल्या आणि पुण्यातल्या भाच्यांनी मॅकचे पाठवावे, तो इथे कोणाकडेच नाही.